सपाट दगडावरची अंडी

जावयांनी ती भलीमोठी काचेची टाकी घरात आणली, तेव्हाच मी तोंडावर सांगून टाकलं. "जावईबापू, एक एवढीशी पोर सांभाळताना माझ्या नाकी नऊ आलेत. आता मासे कोण सांभाळणार?"

"मी सांभाळीन, आई," ते म्हणाले आणि टाकीखालचं लाकडी टेबल डुगडुगतंय का ते बघत बसले.

माझं हे असंच आहे. पोटात एक आणि ओठात एक, हे मला जमत नाही. सगळी नोकरी दवाखान्यात गेली, नवजात बाळांच्या वॉर्डात. अशक्त, निळी पडलेली, मुठीएवढी बाळं आयांच्या कुशीतून उचलायची, काचेच्या पेटीत ठेवायची आणि जगवायची. तिथे गुळमुळीत बोलून चालत नाही.

टाकी ठेवायची होती बाहेरच्या खोलीत, खिडकीसमोरच्या भिंतीला. त्या भिंतीकडे तोंड करून माझी लेक बसायची. बाळंत होऊन आल्यापासून ती खुर्ची आणि ती भिंत, एवढंच तिचं जग झालं होतं. आधी आम्हाला वाटलं, थकवा आहे. मग एका दुपारी छकुलीला अंघोळ घालताना तिने मला हाक मारली. हाक अशी, की मी हातातलं पातेलं तिथेच टाकून धावले. पोर टबात होती, लेकीचे दोन्ही हात पोरीच्या काखेत होते आणि ती स्वतः लटलट कापत होती. "आई, हिला घे," ती म्हणाली. "घे लवकर. माझ्या हातून काहीतरी होईल."

मी घेतलं. त्या दिवसापासून छकुली माझ्या खोलीत, माझ्या अंथरुणात, बाटली माझ्याच हातून पिणारी.

डॉक्टरीणबाईंनी औषधं दिली. म्हणाल्या, बाळंतपणानंतर काही जणींना असं होतं, बरंही होतं. "बाळाला तिच्याजवळ राहू द्या, फक्त दोघींना एकटं सोडू नका." मी मान डोलावली आणि घरी येऊन 'सोडू नका' तेवढंच धरून बसले. लेक माझ्या खोलीच्या दारात आली की मी पोरीला खांद्यावर घ्यायची आणि फेऱ्या मारायला लागायची. ही आपल्या पोरीला परत हातात घेणार की नाही, हा एकच प्रश्न घरात होता, आणि तो कुणीही तोंडाने विचारत नव्हतं. रात्रंदिवस काळजाला घोर लागला होता, दुसरं काय!

टाकी कशाला, असं मी खोदून खोदून विचारलं तेव्हा जावई म्हणाले, "नुसती भिंत बघण्यापेक्षा बरं, आई." बायकोशी काय बोलावं ते त्या माणसाला सुचत नव्हतं. मुळात स्वभावच अबोल. म्हणून हा उद्योग.

त्यांची नोकरी शहराला पाणी पुरवणाऱ्या केंद्रात. पाणी तपासायचं आणि जंतू मारायला त्यात क्लोरीन सोडायचं. आता तेच पाणी नळातून घरी यायचं आणि हे ते पिंपात भरून ठेवायचे, क्लोरीन उडून जावं म्हणून. सकाळी कामावर क्लोरीन घालायचं, संध्याकाळी घरी काढायचं. मी म्हटलं, "तिथेच थोडं कमी घाला की." त्यावर ते हसले नाहीत, गंभीरपणे म्हणाले, "तसं चालत नाही, आई."

काळी बारीक खडी धुऊन झाली. एक वेडावाकडा ओंडका माझ्या सगळ्यात मोठ्या पातेल्यात उकळून झाला, पातेलं कायमचं तपकिरी झालं. मग खडी, ओंडका, दगड, चार प्रकारची झाडं आणि पाणी. दिवा लावला. मासा मात्र एकही नाही.

"मासे कुठायत?"

"इतक्यात नाही. पाणी मुरायला हवं."

"लोणचं आहे का ते?"

त्यांनी समजावलं. मासे पाण्यातच घाण करतात, ती घाण त्यांनाच विषासारखी बाधते. ती खाऊन टाकणारे जंतू पाण्यात, खडीत, फिल्टरच्या स्पंजात वाढावे लागतात. ते वाढायच्या आत मासे सोडले तर मासे मरतात. आणि मग काय, एका संध्याकाळी त्यांनी दुकानातल्या जुन्या टाकीचा स्पंज आणला आणि माझ्या डोळ्यांदेखत आपल्या टाकीत पिळला. काळंकुट्ट पाणी! मी जन्मभर हात धुऊन धुऊन कातडी सोलवटून घेतलेली बाई. ज्याला जंतू मारायचा पगार मिळतो तो माणूस घरी जंतूंचं विरजण लावत होता. मी कपाळाला हात लावला.

लेक बघत होती. पाणी गढूळ झालं, दोन दिवसांनी निवळलं, काही पानं कुजली, नवी फुटली. ती बघतच होती. ती पहिल्यांदा आपणहून बोलली ती त्या ओंडक्याबद्दल. जेवता जेवता म्हणाली, "तो डावीकडे हवा. मधोमध काय ठेवलाय, प्रेतासारखा."

जावयांचा घास हातातच राहिला. बाळंतपणाआधी ती इमारतींचे नकाशे काढायची, रेघेची नजर तिची. जेवण टाकून ते उठले आणि कोपरापर्यंत हात बुडवून ओंडका डावीकडे केला. "अजून," ती म्हणाली. "आता थोडा तिरका." मी गप्प राहिले. माझ्या बाबतीत हे सोपं नसतं.

तिथून पुढे टाकी तीच लावत गेली आणि हात जावयांचे. उंच पात्यांचं गवत मागे, समोर मोकळी जागा, उजवीकडे एक सपाट दगड. एक दिवस दिवा फार प्रखर आहे म्हणाली, तर पाण्यावर तरंगणारी बारीक पानं आणली आणि खाली झाडाखाली पडते तशी सावली पडली. औषधांचाही गुण येत होता. ती न सांगता केस विंचरायला लागली. पण माझ्या खोलीच्या दारापर्यंत येऊन थांबायची ते थांबायचीच. उंबऱ्यावर उभी राहून विचारायची, "झोपली का?" मी म्हणायची, "झोपली, झोपली, तू जा, आराम कर." आणि ती जायची.

मग मासे आले. सहा, बोटाएवढे, राखाडी निळसर. दुकानदाराने बजावलं होतं, "सिक्लिड जातीचे आहेत साहेब. हे पाहुण्यासारखे राहत नाहीत, घरमालकासारखे राहतात." खरंच होतं. आठवड्याभरात त्यांनी पुढची झाडं उपटून पाण्यावर तरंगत ठेवली. जावई लावायचे, ते उपटायचे. पुन्हा लावायचे, पुन्हा उपटायचे. मला तर करमणूक झाली. "पालथ्या घड्यावर पाणी, जावईबापू!"

"त्यांना तिथे नकोयत झाडं," लेक म्हणाली. "तू तुझ्या मनासारखं घर लावतोयस. राहायचंय त्यांना."

तिनेच मार्ग काढला. जाड पानांची झाडं खडीत पुरायचीच नाहीत, ओंडक्याला बांधायची. दोरा तिने घेतला. ओला ओंडका मांडीवर टॉवेल टाकून त्यावर ठेवला आणि एकेका झाडाची मुळं अलगद धरून तिने दोरा गुंडाळला, गाठी मारल्या. मी छकुलीला घेऊन दारात उभी होते. तिचे हात जराही कापत नव्हते. मी ते पाहिलं. आणि मनात काय आलं ते सांगते, लपवायचं काय त्यात: मला आनंद व्हायच्या आधी धडकी भरली.

पुढे दोघांचं जमलं. माशांचं म्हणते मी. एक नर, एक मादी, आणि बाकीच्या चौघांना त्यांनी एका कोपऱ्यात इतकं डांबलं, इतकं बडवलं, की त्यांना परत दुकानात पोचवावं लागलं. मग दोघांनी तो सपाट दगड तोंडाने घासून घासून स्वच्छ केला आणि एका सकाळी त्यावर अंडी दिसली. राजगिऱ्याच्या दाण्यांसारखी, ओळीने चिकटवलेली. दोघंही पाळीपाळीने वर उभे राहून पंखांनी वारा घालत होते.

लेकीने खुर्ची पुढे ओढली. दिवसभर उठली नाही. संध्याकाळी मला म्हणाली, "आई, बघ ना, बापसुद्धा हलत नाहीये." आवाजात कौतुक होतं. कित्येक दिवसांनी ऐकलं मी ते.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी अंडी खाल्ली. आधी आईने. एकेक वेचून, शांतपणे. मग बापानेही. लेक समोरच बसली होती, टाकीपासून हातभर अंतरावर. मी स्वयंपाकघरातून आले तेव्हा दगड कोरा होता आणि ती त्या दगडाकडे बघत होती.

रात्रीपर्यंत ती जेवली नाही. मी जावयांना स्वयंपाकघरात गाठलं. "कुठून दुर्बुद्धी झाली हो तुम्हाला? आई आपलीच पोरं खातेय, हे दाखवायचं राहिलं होतं का तिला?" ते खाली मान घालून म्हणाले, "पहिल्या खेपेला खातात, आई. नवखे असतात. दुकानदार म्हणाला, दोन-चार वेळा असं होतं, मग जमतं." मी म्हटलं, "दोन-चार वेळा? दोन-चार वेळा ती हे बघणार?" त्यांचे डोळे भरून आले. मग मला वाईट वाटलं. आम्ही दोघं एकाच होडीत होतो आणि दोघांनाही वल्ही मारता येत नव्हती.

दुसऱ्या खेपेलाही तेच झालं. या वेळी अंडी एक रात्र जास्त टिकली, एवढंच.

तिसऱ्या खेपेला जावई तयारीत होते. त्यांनी वाचलं होतं, विचारलं होतं. दगड अंड्यांसकट उचलायचा, वेगळ्या बरणीत ठेवायचा, हवेची नळी सोडायची, बुरशी धरू नये म्हणून निळ्या औषधाचे थेंब टाकायचे. आईबाप लागतच नाहीत. पिल्लं हमखास निघतात. मला सांगायचा अवकाश, मी पदर खोचला. हे तर माझंच काम! बरणी मी उकळली, नळी मी उकळली, ओटा पुसून घेतला. जावयांनी पाणी तपासलं, ऊब तपासली. इतके दिवस आमचं दोघांचं कधी पटलं नव्हतं, त्या सकाळी मात्र आम्ही न बोलता एकमेकांच्या हातात वस्तू देत होतो. पोर माझ्या खांद्यावर झोपली होती. बरणी टाकीशेजारी ठेवली. जावयांनी बाही दुमडली आणि हात पाण्यात घातला.

मादी त्यांच्या बोटांवर तुटून पडली. एवढासा जीव, पण चावतच सुटली. नर दगडाभोवती गरगरा फिरत होता. जावयांनी एका हाताने तिला बाजूला सारलं आणि दगडाला हात घातला.

"काढू नकोस."

लेक उभी राहिली होती.

"अगं, खाऊन टाकतील," जावई म्हणाले. "या वेळी वाचवू आपण. सगळी वाचतील."

"खाऊ देत."

"तू बस बघू," मी म्हटलं. "तुला त्रास होतो बघून. आम्ही करतो नीट."

"तुम्ही नीटच करता!" ती ओरडली. छकुली दचकून जागी झाली. "दोघंही नीट करता. सगळं उकळून, धुऊन, मोजून. काढून घेतलीत तर त्यांना कळणार कधी कसं करायचं ते? दर वेळी काढूनच घ्याल. आणि पुढच्या वेळी ती पंखसुद्धा हलवणार नाही. कशाला हलवेल? तिला माहीत असेल, कुणीतरी येतं आणि घेऊन जातं."

जावयांचा हात पाण्यातच होता. दगडावरची बोटं तेवढी सुटली.

"मी घे म्हणाले होते, आई," ती हळू आवाजात म्हणाली. "त्या दिवशी मला भीती वाटली म्हणून घे म्हणाले. परत देऊच नकोस, असं नव्हते म्हणाले."

मला राग आला. खोटं कशाला बोलू, पहिला रागच आला. रात्रीची झोप मी घालवली, कंबर माझी मोडली आणि हे ऐकायचं? "मग मागितलीस का नाहीस? तोंड होतं ना तुला?"

"रोज येत होते दारात."

वॉर्डात बाळंतिणी काचेबाहेर उभ्या राहायच्या. दोन्ही हात काचेला लावून. मी त्यांना म्हणायची, "जा, आराम करा, बाळ सुखात आहे." त्या जायच्या. आपण धीर देतोय, असंच मला वाटायचं.

"अजून भीती वाटते?" मी विचारलं.

"वाटते. खूप वाटते. पण ती मोठी होतेय आणि माझ्याकडे बघत नाही, तुझ्याकडे बघते. त्याची जास्त वाटते."

मी पोरीला खांद्यावरून काढलं. माझे हात, ज्यांनी शेकडो बाळं उचलली, ते सोडायला तयार होईनात. लेकीने हात पुढे केले ते चुकीचे, एक फार वर, एक फार खाली. "मान धर—" मी म्हटलं. "आई," ती म्हणाली. मी ओठ मिटले. पोर तिच्या हातात गेली आणि लगेच किंचाळायला लागली. नवे हात, नवा वास. रडणारच ती.

"आता बाहेर जा," लेक म्हणाली. "दोघंही. दार लोटून घ्या. कडी लावू नका." ती पुढे बोलली तेव्हा आवाज फाटला होता. "मी हाक मारली तर लगेच ये, आई. लगेच. पण हाक मारली नाही तर येऊ नकोस."

जिन्यावर आम्ही दोघं उभे राहिलो. जावयांच्या कोपरावरून पाणी गळत होतं, माझ्या हातात अजून बरणीचं झाकण होतं. आत पोर रडत होती. बाळांचं रडणं मला अक्षरासारखं वाचता येतं. भुकेचं वेगळं, दुखण्याचं वेगळं. हे घाबरल्याचं होतं. कसं धरलं की ते थांबेल, हे मला माहीत होतं. डावा हात मानेखाली, छातीशी उभं धरायचं, पाठीवरून हात फिरवायचा. एका मिनिटाचं काम. म्हणजे माझ्या हातांना.

"ते खातील का हो अंडी?" जावई पुटपुटले. काहीतरी बोलायचं म्हणून.

"मला काय विचारता? मी काय माशांची नर्स आहे?" मी खेकसले. मग माझं मलाच रडू फुटलं. ते बिचारे ओला हात माझ्या खांद्यावर ठेवावा की नाही, या विचारात तसेच उभे राहिले.

रडणं वाढलं. पोरीचा श्वास अडकायला लागला, मधे ती जीवघेणी शांतता, मग पुन्हा किंकाळी. न्हाणीतली ती दुपार डोळ्यांसमोर आली. मी दाराला हात लावला. जावयांनी मला अडवलं नाही. त्यांनाही आत जायचं होतं. लोटलेलं दार, एक धक्का दिला की मी आत.

तेवढ्यात लेकीचा आवाज आला. हाक नव्हती ती. ती पोरीशी बोलत होती. घसा बसलेला, रडवेला, पण बोलत होती. "हो गं. हो. मलाही येत नाही. तुलाही येत नाही. थांब, हा हात इथे घेऊ का? नको? बरं, मग इथे. थांब ना गं जरा, शिकू दे मला."

मी दारावरचा हात काढला आणि पायरीवर बसले. पोर रडायची थांबली नव्हती. मी कान देऊन हाकेची वाट बघत होते. जन्मात कुठल्या गोष्टीची अशी वाट बघितली नसेल, आणि ती येऊ नये म्हणून जीवही कधी इतका टांगणीला लागला नसेल. कितीतरी वेळ गेला.

हाक आली नाही.